काटा मधोमध

भंगाराच्या यार्डात ट्रक तोलायचं काम माझं. ट्रक काट्यावर चढतो, मी खिडकीतून आकडा बघते, चिठ्ठी फाडते, पुढचा. ऐकायला सोपं वाटतं. पण माल आणणाऱ्याला वजन जास्त हवं असतं, माल नेणाऱ्याला कमी हवं असतं, आणि दोघंही मला मूर्ख समजतात. कुणी टाकी पाण्याने भरून आणतं, कुणी केबिनमध्ये दोन जाडे मित्र लपवून बसवतं. मी तोंडाची फटकळ आहे हे अख्ख्या यार्डाला ठाऊक आहे. खाली उतरते, ट्रकभोवती फेरी मारते आणि चोराला तोंडावर चोर म्हणते.

या सगळ्या लबाड्या मला शिकवल्या माझ्या धाकट्या भावाने. तो ट्रक चालवायचा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून घरात त्याला भोपळ्या म्हणायचे, ते नाव मिशा आल्या तरी सुटलं नाही. मी यार्डात नव्याने लागले तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, सगळ्यात सोपी चोरी कुठली सांगू? एक चाक काट्याबाहेर, म्हणजे वजन कमी भरतं. नुसतं चार बोटं बाहेर. ड्रायव्हर समोर बघत शीळ घालतो आणि काट्यावरची बाई गपचूप चिठ्ठी फाडते."

"ती बाई मी असले तर चपलेने मारीन," मी म्हणाले.

तो पोट धरून हसला होता. तेव्हा त्याच्या रक्तात काय शिजतंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग ते कळलं. आधी नुसता थकवा, मग हिरड्यांतून रक्त, मग तपासण्या आणि मग तो शब्द, कॅन्सर, रक्ताचा. काचेच्या खोलीत त्याला ठेवलं, नळ्यांतून औषधं दिली. आम्ही काचेबाहेरून हात हलवायचो. आतून तो कधी हात हलवायचा, कधी तेवढंही जमायचं नाही. घरी आला तेव्हा भोपळ्या म्हणायची लाज वाटावी इतका वाळला होता. आईने त्याला बाळासारखं भरवलं. सगळं सुरळीत होतंय असं वाटायला लागलं आणि रक्तात पुन्हा तेच दिसलं. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर मी बसूनच राहिले, येणारे-जाणारे मला ओलांडून जात होते.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. बाई गोड बोलणाऱ्यांतल्या नाहीत, म्हणून माझं त्यांच्याशी जमतं.

"रक्ताच्या पेशी हाडांच्या आत जन्मतात," त्या म्हणाल्या. "कोवळ्या असतात, मग मोठ्या होतात आणि कामाला लागतात. याच्या पेशी मोठ्याच होत नाहीत. कोवळ्या राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात."

"का पण?"

"मोठं कसं व्हायचं हे त्यांच्या जीन्समध्ये लिहिलेलं आहे. तो मजकूर शाबूत आहे. पण त्या जीन्सवर 'हे बंद' अशा खुणा बसल्या आहेत. नेहमी पेशी या खुणा वेळच्या वेळी पुसते. याच्या पेशींमध्ये एक जीन बिघडला, त्याच्यामुळे एक नको तो पदार्थ तयार होतो, आणि तो पुसणाऱ्यांचेच हात बांधून ठेवतो. मग खुणांवर खुणा साचत जातात. यांना एपिजेनेटिक बदल म्हणतात."

मला एकदम आमचं यार्ड दिसलं. ज्या ढिगाचा निर्णय व्हायचाय त्यावर मुकादम खडूने फुली मारतो. फुली असली की त्या मालाला कुणी हात लावत नाही. निर्णय झाला की फुली पुसतात. एकदा पुसणारा माणूस आजारी पडला, तर चांगलं तांबं फुलीखाली पडून राहिलं होतं आणि अख्खं यार्ड तुंबलं होतं. मी हे बाईंना सांगितलं.

"तसंच समजा," त्या म्हणाल्या. "तांबं चांगलंच आहे, फुली पुसायची आहे. आता ही एकच गोळी उरली आहे, ती पुसणाऱ्यांचे हात मोकळे करते. ती या पेशींना मारत नाही, त्यांना मोठं करते."

आई तोवर पदराचं टोक पिळत बसली होती. "माझ्याकडून आलं का हे?" ती म्हणाली. "माझ्याच रक्तातून गेलं असेल ना त्याच्यात?"

"नाही. याच्याच एका पेशीत, याच्या मोठेपणी घडलंय. तुम्ही त्याला हे दिलेलं नाही." आईने मान हलवली, पण तिला पटलं नाही हे मला दिसत होतं.

मग बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "आता नीट ऐका. अडकून पडलेल्या पेशी एकदम मोठ्या व्हायला लागल्या की कधीकधी अंगात गोंधळ उडतो. रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपतं, पायात उतरतं, फुप्फुसात साचतं. त्याची चाहूल बऱ्याचदा आधी वजनात लागते. म्हणून रोज सकाळी वजन करायचं आणि नर्सला आकडा कळवायचा. वजन भराभर चढलं, दम लागला, ताप आला, की लगेच इथे यायचं. इंजेक्शनं द्यावी लागतील, वेळ पडली तर गोळी थांबवावी लागेल, थोडे दिवस, मग पुन्हा सुरू करू. वेळेवर आलात तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं."

"आणि उशीर झाला तर?"

"तर माणूस जातो," बाई म्हणाल्या.

मी भोपळ्याकडे पाहिलं. तो टेबलावरच्या गोळ्यांच्या डबीकडे टक लावून बघत होता.

तेव्हापासून सकाळ म्हणजे काटा. काटा ठेवला होता घरातल्या बोळात, न्हाणीच्या दाराशी. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला हात धुवायचं बेसिन, मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. भोपळ्या काट्यावर चढायचा, पायात त्राण नाही म्हणून बेसिनच्या काठावर बोटं टेकवायचा. मी त्याच्या मागून वाकून आकडा बघायचे आणि फोनवर नर्सला पाठवायचे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. तिला पाण्याबिण्याचं काही ऐकायचंच नव्हतं. तिचं पोर वाळलं होतं, आणि काटा चढला की पोर जगलं, एवढंच तिचं गणित होतं. आकडा तसाच राहिला की ती सुस्कारा सोडायची आणि दोन अंडी जास्त उकडायची.

आणि आकडा तसाच राहत होता. मी मनातल्या मनात म्हणायचे, राहू दे बाबा असाच. नर्सचं उत्तर यायचं, छान. मी यार्डात जायचे आणि चिठ्ठ्या फाडायचे, पण निम्मं लक्ष फोनकडे. कुणी साधं काही विचारायला फोन केला तरी मी त्याच्या अंगावर खेकसायचे.

एकदा आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "तुझा काटा काहीही म्हणो, त्याचे गाल भरलेत."

"आई, उगाच काहीतरी बोलू नकोस. वजन आहे तेवढंच आहे."

"मी आई आहे त्याची. मला दिसतं."

"दिसतं तर चष्मा पूस," मी म्हणाले आणि चप्पल घालून निघाले. दारात त्याच्या चपला पडल्या होत्या. पट्टे पार शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेले होते. मी त्या पायाने बाजूला सारल्या.

त्या दिवशी दुपारी बीडाचं भंगार, म्हणजे जुनं ओतीव लोखंड, भरून एक ट्रक बाहेर निघाला होता. माल नेणारा, म्हणजे याला वजन कमी हवं. काट्यावर चढला. आकडा जरा रेंगाळला, वरखाली झाला, मग थांबला. हलका होता. मी चिठ्ठी फाडायला हात घातला आणि खिडकीतून ट्रककडे पाहिलं. गाडी मागून पार बसली होती. स्प्रिंगा चेपलेल्या, टायर फुगलेले. ड्रायव्हर समोर बघून शीळ घालत होता.

मी खाली उतरले. मागचं चाक चार बोटं काट्याबाहेर होतं.

शिवी माझ्या ओठावर आली होती. ती तिथेच राहिली. गाडी बसलेली आणि आकडा हलका. गाल भरलेले, चपलांचे पट्टे सैल, आणि आकडा तसाच. रोज सकाळी तो आकडा ठरायला किती वेळ घेतो हे मला आत्ता आठवलं. त्याची बोटं आठवली. बोटं कसली, तळहात होता तो, अख्ख्या अंगाचा भार टाकून बेसिनवर रोवलेला, आणि मी त्याच्या मागे उभी राहून पडद्यावरचा आकडा वाचत होते.

"ताई, चुकून राहिलं हो," ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला. मग माझं तोंड बघून घाबरला. "ताई, बरं वाटत नाहीये का? बसा ना जरा. मी घेतो गाडी आत."

मी क्रेनवाल्याला हाक मारून खिडकीत बसवलं आणि निघाले. घर फार लांब नाही, पण तो रस्ता मला संपता संपेना. एवढंच डोक्यात होतं की किती दिवस झाले असतील, आणि बाई म्हणाल्या होत्या, तर माणूस जातो.

भोपळ्या बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसला होता. पाठीला तीन उश्या. आडवं पडलं की खोकला येतो, म्हणून बसून झोपतो म्हणायचा, आणि तेही आम्ही मान्य केलं होतं. आई त्याला सूप पाजत होती. मी काही न बोलता बोळात गेले, काटा उचलला, बाहेरच्या खोलीत आणला. टेबल पायाने ढकललं, स्टूल ढकललं आणि काटा खोलीच्या मधोमध ठेवला. हात कितीही लांब केला तरी कशालाच पोचणार नाही असा.

"ये," मी म्हणाले.

"सकाळी झालं की."

"पुन्हा करायचंय."

"अगं आत्ता सूप प्यायलोय मी."

"वाटीभर सुपाने किती वाढतं ते मला कळतं. ये."

"काय छळतेस त्याला?" आई म्हणाली. "दमलाय तो."

त्याने बोळाकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग माझ्याकडे. त्याला कळलं की मला कळलंय. "ताई, नको ना," तो हळूच म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज मी एकदाच ऐकला होता, त्या काचेच्या खोलीत जाताना.

मी त्याला उठवलं. चार पावलं चालला तर धाप लागली. काट्यावर चढवलं आणि मी मागे सरले. त्याचे हात नुसते लोंबत होते. पायांवर मोज्यांचे वळ खोल उमटले होते. आकडा लगेच ठरला, अजिबात रेंगाळला नाही.

आई चष्मा सावरत खाली वाकली आणि तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, वाढलं की. चांगलं चार किलो वाढलंय. मी म्हणत नव्हते, गाल भरलेत म्हणून? तू मलाच चष्मा पूस म्हणत होतीस." ती हसत हसत वर बघायला लागली. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. तिचं हसू कमी कमी होत गेलं. "काय झालं?" ती म्हणाली. "चांगलं आहे ना हे?"

"पाणी आहे ते आई," मी म्हणाले. "अंगात पाणी भरलंय त्याच्या."

आई खालीच बसली.

"किती दिवस करतोयस हे?" मी त्याला विचारलं.

"चारेक दिवस."

"का रे गाढवा? का?"

तो दोन शब्द बोलायचा आणि श्वास घ्यायचा. "गोळी थांबवतील. बाई म्हणाल्या होत्या ना, थांबवावी लागेल. मग माझ्याकडे काय राहिलं, ताई? शेवटची आहे ती."

"थोडे दिवस म्हणाल्या होत्या. थोडे दिवस, आणि मग पुन्हा सुरू. तू तिथेच बसला होतास."

"ते मी ऐकलंच नाही. थांबवावी लागेल एवढं ऐकलं, आणि पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हींतलं काही केलं नाही. टॅक्सीला फोन केला, मग दवाखान्यात.

टॅक्सीत त्याला मागे टेकता येईना. पुढच्या सीटवर कपाळ टेकवून, दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता. प्रत्येक श्वासाला छातीत बारीक चरचर ऐकू येत होती. एक श्वास संपला की पुढचा येईपर्यंत मी माझाही रोखून धरायचे. आईच्या हातात अजून सुपाचा चमचा होता. "मीच पाजत होते," ती पुटपुटत होती. "पी म्हणायचे, अजून पी म्हणायचे. मीच." मी तिच्या हातातून चमचा काढून घेतला, पण तो कुठे ठेवायचा सुचेना, म्हणून मीच धरून बसले. सिग्नल लाल होता. टॅक्सीवाल्याने आरशात मागे पाहिलं, आणि कुणी काही न सांगता गाडी कडेकडेने काढली.

दवाखान्यात त्याला चाकाच्या खुर्चीत घातलं, नाकातोंडावर मास्क चढवला. डॉक्टरीणबाई आल्या. छाती ऐकली, पाय दाबून पाहिले. त्यांच्या अंगठ्याने पडलेला खड्डा तसाच राहिला. फोटो, रक्त वगैरे नंतर, आधी इंजेक्शन. मी आकड्यांचं सगळं सांगितलं, बेसिनसकट. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या नाहीत.

"तरी अजून हातात वेळ आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत थांबला असतात तर मी असं म्हटलं नसतं. गोळी आज बंद. हे निवळलं की पुन्हा देईन." मग त्या भोपळ्याच्या कानाशी वाकल्या. "पुन्हा देईन म्हणाले. ऐकू आलं?" त्याने मास्कमधूनच मान हलवली.

बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "त्या पेशी मोठ्या व्हायला लागल्या आहेत. खुणा पुसल्या जातायत. गोळी लागू पडली म्हणूनच हे झालं."

"म्हणजे औषध लागू पडलं म्हणून मरायची पाळी आली?"

"हो."

"वाचेल ना?"

"आजची रात्र जाऊ दे. सकाळी वजन काय म्हणतं ते बघू."

ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. मी फार घाबरले होते. लोकांना वाटतं फटकळ बाईला भीती वाटत नाही. मला इतकी वाटत होती की आईचा हात हातात घ्यायचीही हिंमत होईना. माझी भीती त्यातून तिला कळली असती.

सकाळी नर्सने चाकांचा काटा ढकलत आणला आणि पलंगाशेजारी मोकळ्या जागेत ठेवला. मास्क आणि त्याची नळी एका हाताने वर धरली. भोपळ्याला दोघींनी मिळून उभं केलं. तो काट्यावर चढला तशी मी त्याचं कोपर धरायला पुढे झाले.

"हात लावू नका," नर्स म्हणाली. "आकडा चुकेल."

मी हात मागे घेतला. बाजूला पलंगाची कड होती, सलाइनचा खांब होता, कशालाही टेकता आलं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले. दंड काडीसारखे झाले होते, वर धरवतही नव्हते, तरी धरले.

"बघ ताई," मास्कच्या आतून तो म्हणाला. "सगळी चाकं आत."

त्याच्या अंगाच्या थरथरीने आकडा पळत होता. वर जायचा, खाली यायचा, ठरायचं नाव घेत नव्हता. माझे हात त्याच्या दोन्ही बाजूंना होते, दोन बोटांवर, न लावता. तो कोसळला तर धरता यावं म्हणून. दारात आई उभी होती. आजवर एकेक ग्रॅम वाढावा म्हणून जीव टाकणारी माझी आई तिथून विचारत होती, "कमी झालं ना गं? कमी झालं का?"

आकडा थांबला. कालच्यापेक्षा कमी होता. नर्सने तो मोठ्याने वाचला, आणि मगच मी त्याला धरलं.